तळातला भोपळा

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा डबा आहे आणि माझा स्वभाव संशयी आहे. हसू नका. ज्याच्या पोटात रोज दुसऱ्यांचं उरलंसुरलं कोंबलं जातं, त्याने विश्वास ठेवायचा तरी कुणावर?

कारखान्यात पत्र्यावर दाब पडला आणि मी जन्मलो. दुकानदाराने माझं झाकण दाबून दाखवलं, "यातून वारासुद्धा बाहेर जायचा नाही!" खरेदीला आलेल्या आजी तिथेच भाळल्या. सुरुवातीचे दिवस कौतुकाचे होते. शिजवलेला भोपळा पसरट ताटात निवायचा, मग माझ्यात भरून लगेच फ्रिजमध्ये जायचा. संपला की मला गरम पाण्याने घासलं जायचं.

पुढे घरातली माणसं कमी झाली, जेवणं कमी झाली आणि आजींना एक खोड लागली. मी रिकामा व्हायच्या आतच त्या ताजा भोपळा जुन्यावर ओतू लागल्या. तोही वाफाळता! "ताज्यात मिसळलं की जुनंही खपतं," म्हणायच्या. मग मला ओट्यावरच विसरायच्या. माझ्या झाकणाला घाम फुटायचा. वर सगळं केशरी, देखणं. तळाशी काय चाललंय ते मलाच ठाऊक.

त्यातच आजोबा दवाखान्यातून घरी आले. पोट नाजूक, डॉक्टरांनी मऊ खायला सांगितलेलं. आजींनी दुपारी मला ताटाजवळ आणलं आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तळाशी आंबून साठलेल्या वायूने झाकण आतून ताणलं होतं. आजोबा चमचा घेऊन तयार होते. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. मी फार घाबरलो.

आजींनी झाकण उचललं. फुस्स!

"बघितलंत, अजून किती घट्ट बसतं!" आजी खूश.

शेजारी पोळी वाढणाऱ्या सुनेने मात्र मान वर केली. "आई, हा आवाज कसला? थांबा, वाढू नका."

"अगं, सकाळीच केलाय. वास घेऊन बघ."

"वरचा सकाळचा. खालचा कधीचा?"

तिने डाव तळापर्यंत घातला. वर काढला तर बुळबुळीत तार सुटली, कडेला बारीक फेस आला आणि आंबूस वास पसरला. आजींचा चेहरा उतरला, तरी बोट पुढे झालंच. "जरा चाखते."

"चाखायचं नाही, आई! शंका आली की टाकायचं. बिघडलेल्याला दर वेळी वास येतोच असं नाही."

आजोबांनी चमचा खाली ठेवला. "नर्सबाईंना माझी आठवण येत असेल गं, पण इतक्यात परत जायचं नाहीये मला."

आजी हसल्या नाहीत. त्यांनी स्वतः सगळा भोपळा टाकला आणि उकळत्या पाण्याने मला कितीतरी वेळ घासलं.

आता त्या थोडंच रांधतात, निववून लगेच फ्रिजमध्ये ठेवतात, दोन-तीन दिवसांत संपवतात. नवं भरण्याआधी मला उजेडात धरून आत डोकावतात. माझ्याहून संशयी झाल्यात, आणि मला त्याचं फार बरं वाटतं.

तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असेल. तो कितीही चकचकीत दिसो, त्याच्यावर विश्वास ठेवू नका, मित्रांनो. माझ्यावर तर मुळीच नको. आधी तळ बघा.