ग्रहणातली विळी

आरतीनं लघवीसाठी बाटली पुढं धरली, की भरत टाचा उचलून कोपऱ्यात सरके. शेवटी तिनं नारायणगावच्या दवाखान्यातल्या मोरीचा नळ सोडला. पाण्याच्या आवाजात तो गुंगला आणि बाटली एकदाची भरली. सहा वर्षांचा झाला, पण त्याच्या तोंडून अजून 'आई' निघालं नव्हतं.

पुण्याहून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी बाटलीवर नाव चिकटवलं.

"अशा मुलांच्या लघवीत काही द्रव्यं कमी-जास्त असतात का, ते आम्ही तपासतोय. त्यावरून पुढंमागं स्वमग्नता लवकर ओळखता येईल, कदाचित. अजून खात्री नाही."

"बाई, ह्यो पोटात असताना मी गिराणात वांगी चिरली व्हती. त्यानं झालं का?"

"ग्रहणाचा काडीचाही संबंध नाही. तुमचं काही चुकलेलं नाही."

आरतीनं पदर तोंडाला लावला. पंचाण्णवच्या दिवाळीतल्या त्या ग्रहणाचं तुणतुणं तिची सासू प्रयागबाई गावभर वाजवत आली होती. हिनं विळी धरली, म्हणून पोरगं असं निपजलं. गावात कुणाच्या बारशाला आरतीला पाळण्याजवळ उभं करत नसत. आणि 'कसलं गिराण, पावणं येतील, वांगी चिर' म्हणत विळी पुढ्यात सरकवणारी कोण, तर हीच म्हातारी. तेवढं मात्र ती सोयीनं विसरली होती. आरतीला तिचा आवाजही सहन होत नसे.

बाहेर लिंबाखाली प्रयागबाई चपला काढून बसली होती.

"गिराणाचं इचारलं का?"

"इचारलं, आत्याबाई."

"मंग?"

आरतीनं भरतचं नाक पुसलं. खरं सांगितलं तर आपण सुटू. पण मग म्हातारीही सुटेल.

"त्या म्हनल्या, विळी कुणी हातात दिली, ते घरात आठवून बघा."

प्रयागबाईचा चेहरा पडला. तिनं भरतच्या पाठीवरून हात फिरवायला घेतला, तर तो अंग चोरून बाजूला झाला.

"म्याच दिली व्हती गं," ती पुटपुटली. "ओझरला जाते. विघ्नहरापुढं नाक घासते. अनवाणी जाते, आत्ताच."

मे महिन्याची दुपार होती. रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं. आरतीनं एक वाक्य उच्चारलं असतं, तर म्हातारी एस.टी.त बसून घरी आली असती.

आरती वाकली. प्रयागबाईच्या चपला उचलून तिनं पिशवीत टाकल्या.

"जा," ती म्हणाली. "चपला मी घरी नेते."