एक दहा ते एक चाळीस

"ब्रेक फेल म्हणे. अपघाताच्या दोनच दिवस आधी पॅड बदललेत मी. या हातांनी."

मिस्त्री कुणाला उद्देशून बोलत नव्हता. चौकशीच्या खोलीबाहेर, बाकावर सिस्टरला खेटून बसून तो आधीच स्वच्छ असलेले हात चिंधीने पुन्हा पुन्हा पुसत होता. खरं तर ती सिस्टर नव्हतीच, रुग्णवाहिकेवरची मदतनीस होती. पण रक्तबंबाळ माणूस हुद्दा विचारत बसत नाही, म्हणून सगळ्यांसाठी ती सिस्टर झाली होती.

आठ दिवसांपूर्वी, दुपारी चारला, रुग्णालयातून रिकामी परतणारी त्यांची गाडी शाळेची भिंत फोडून आत शिरली. शाळा सुटायला दहा मिनिटं होती. गाडी चालवणाऱ्या मामांचा पाय तीन ठिकाणी मोडला, तिच्या कपाळाला पाच टाके पडले. त्याच संध्याकाळी सगळ्या डेपोने ठरवून टाकलं : ब्रेक लागला नाही. मामांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. उभा जन्म गाडीवर घालवलेल्या माणसाला कोण कशाला बुडवेल? कुणाच्या मनात पाप नव्हतं. फक्त, ब्रेक लागला नाही म्हटलं की दुसऱ्या कुणाची तरी मान अडकते, एवढंच कुणी बोललं नाही. मिस्त्री कंत्राटावरचा होता.

आत बोलावणं आलं. मामा प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून बसले होते. साहेबांच्या डोक्यावर पंखा होता आणि पुढ्यात झाकण ठेवलेला चहा.

"ब्रेक दाबला, साहेब. लागला नाही," मामा टेबलाकडे बघत म्हणाले.

"थकवा वगैरे?" असं विचारून साहेबांनी उत्तरही स्वतःच देऊन टाकलं. "तो प्रश्नच नाही म्हणा. त्या दुपारी दोघांची सक्तीची विश्रांती झालेली आहे. एक दहा ते एक चाळीस. सिस्टर, इथे सही करा आणि जाताना मिस्त्रीला आत पाठवा."

तिने पेन उचललं. कागदावर छापलेलं होतं : विश्रांती, तीस मिनिटं.

"एक दहाला आम्ही इमर्जन्सीच्या कॉरिडॉरमध्ये उभे होतो, साहेब."

"गाडी एका जागी होती ना? गाडी उभी राहिली की सिस्टिम आपोआप विश्रांती नोंदवते."

"मग ती गाडीला मिळाली असेल."

साहेबांनी चहावरचं झाकण काढलं. "म्हणजे?"

"खाट रिकामी नव्हती. आम्ही आणलेले म्हातारेबाबा आमच्याच स्ट्रेचरवर. मामा सलाइनची बाटली धरून उभे, आणि मी श्वास देण्याचा फुगा दाबत होते. पाच सेकंदांना एकदा. मध्ये नाक खाजवायचीसुद्धा सोय नाही. अर्धा तास."

"अहो, पण नंतर दोन घास खायला कुणी अडवलं होतं?"

"दुसरा कॉल. आदल्या रात्रीपासून गाडीवर होतो, बदली माणसं आलीच नाहीत. सतरा तास. माझा डबा महिनाभर भरलेला घरी जातोय. सासूबाईंनी अबोला धरलाय, त्यांना वाटतं त्यांच्या हातची चव गेली."

साहेब हसले. अगदी मोकळेपणाने, चहाचा घोट सांभाळत. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ताई, असू दे," मामा हळूच म्हणाले. "सही कर. माझ्यासाठी कर."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग दाराच्या काचेकडे. काचेपलीकडे मिस्त्री उठून उभा राहिला होता आणि शर्टाचं वरचं बटण लावत होता, लग्नाच्या फोटोला उभं राहावं तसं.

तिने पेन कागदावर आडवं ठेवलं.

"आमच्यात एक रीत आहे, साहेब. तुमच्या सिस्टिमला माहीत नसेल. चालवणाऱ्याचे डोळे जड झाले की शेजारच्याने बोलत राहायचं. काहीही. मुलांच्या परीक्षा, शेजारणीची भांडणं. तोंड थांबवायचं नाही. त्या दिवशी मामा म्हणाले, ताई, डोळे चुरचुरतात, बोल काहीतरी. मी सासूबाईंच्या रुसव्याचं सांगायला घेतलं."

"सिस्टर, नीट विचार करून बोला. हे सगळं कागदावर येईल."

"यायलाच हवं. लिहा."

मामांनी डोळे मिटून घेतले होते.

"ब्रेक चांगले होते. ते कुणी दाबलेच नाहीत. मामा झोपले होते, साहेब. आणि त्यांच्याआधी, बोलता बोलता, मी झोपले."