विरोधात एक

रामधन नायकाने उजवा हात वर केला आणि तो ताठ धरून ठेवला. कोपरात जुनी कळ होती, तरी त्याने हात लवू दिला नाही. अडाण जिनिंग कंपनीच्या रुईच्या गोदामात टेबलामागे तीन माणसं बसली होती, समोर सतरंजीवर गावोगावचे भागीदार, त्यांच्या पुढच्या रांगेत तो स्वतः, आणि पार मागे, दाराजवळ, त्याचा तांडा. आपला हात दारापाशी टेकलेल्या शेवटच्या माणसालाही दिसला पाहिजे, एवढंच त्याच्या मनात होतं.

"विरोधात," वाशीमहून आलेले वकील पेन्सिलीने हवेत मोजत म्हणाले, "एक."

रामधनला त्यात काही वावगं वाटलं नाही. तांडा एक, नायक एक, म्हणून हातही एक. त्याचा जीव भांड्यात पडला. कंपनी मोडून, कापसातली सरकी काढायची ही जिन बंद करून यंत्रं खामगावच्या व्यापाऱ्याला विकायचा ठराव होता, आणि तांड्याने नाही म्हटलं तर तो पडतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने हात सावकाश खाली घेतला आणि धोतराचा सोगा सारखा केला.

मानोऱ्याजवळच्या या माळावर जिन उभी राहिली तेव्हा तिचा दगड तांड्याच्या बैलांनी वाहिला होता. कंपनीचे अध्यक्ष जगदेवराव हे शेजारच्या गावचे मोठे शेतकरी. त्यांनी मजुरीऐवजी घरटी एकेक शेअर दिला. शेअर म्हणजे काय ते तांड्यात कुणाला धड कळलं नाही. कळलं ते एवढंच, की आता दिवाळीनंतर बिऱ्हाड बैलांवर लादून पोटामागे वणवण हिंडायला नको. बाया जिनवर सरकी निवडू लागल्या, गडी गाठी उचलू लागले. तांड्यातली पोरं पहिल्यांदाच सबंध वर्षभर एका जागी राहिली. जिथे माणूस राहतो तिथे तो झाड लावतो. तांड्यात कडुलिंबाची झाडं झाली.

दरसालच्या सभेत जगदेवराव विचारायचे, "नायक, तांड्याचं काय म्हननं हाय?" रामधन सांगायचा, मुनीम लिहून घ्यायचा आणि चहा यायचा. हात वर करणं, मोजणं या भानगडीत कुणी पडत नसे. इतकी साधी गोष्ट होती ती.

मग गेल्या साली, छप्पन्नमध्ये, कंपन्यांचा नवा कायदा लागू झाला. दिल्लीत बसून शहाण्यासुरत्यांनी केलेला कायदा; त्याला नावं ठेवायची कुणाची छाती नव्हती. आणि नावं ठेवण्यासारखं होतं तरी काय? आता सभेची नोटीस ज्याच्या त्याच्या नावाने येऊ लागली. ज्यांना जन्मात कुणी पत्र पाठवलं नव्हतं त्यांच्या नावाचे लिफाफे घेऊन पोस्टमन तांड्यात आला. लोकांनी लिफाफे उलटेपालटे करून पाहिले आणि न फोडताच सगळे नायकाच्या ओट्यावर आणून ठेवले. रामधनने त्यातला एक जिनच्या मुनिमाकडून वाचून घेतला. बाकीचे तसेच राहिले.

मुनीम भला माणूस होता. त्याने समजावून सांगितलं, की कंपनी मोडायची तर विरोधातल्या एका मतामागे बाजूने तीन मतं लागतात, आणि तांड्याचे शेअर चौथ्या हिश्शाहून जास्त आहेत.

"म्हंजे तांड्यानं नाई म्हनलं की खेळ खलास, नायक. पन समद्याईले घेऊन या. घरी कोनी राहू नोका."

रामधनने ते शब्दशः पाळलं. कुणाला घरी राहू दिलं नाही. दगड वाहताना जिचा नवरा गाडीखाली गेला त्या म्हाताऱ्या नानीबाईलाही बैलगाडीत घालून आणलं.

सकाळी निघताना त्याच्या बायकोने, मोतीबाईने, ओढणी सारखी करता करता विचारलं होतं, "तिथं आमीबी हात वर करा लागते काय?"

"नायकाच्या म्होरं हात उचलते कोनी?" रामधन तिच्यावर खेकसला होता. "इतके साल झाले, तुले नसाबीची रीत माईत नाई?"

नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. तिथे नायक बोलला की बाकीच्यांचे हात मांडीवर. नायकाने निवाडा देताना दुसऱ्याने हात उचलला, तर त्याचा अर्थ एकच, की मला हा निवाडा मान्य नाही. रामधनच्या हयातीत असा हात एकदाच उठला होता, आणि ते घर पुढे तांड्यात राहिलं नव्हतं.

वकिलांनी कागद जगदेवरावांपुढे सरकवला. जगदेवरावांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, पुन्हा घातला. मग खालच्या आवाजात, कागदावरची नजर न उचलता त्यांनी वाचलं, की बाजूने पुरेसे हात आहेत, विरोधात एक आहे, सबब ठराव मंजूर झाल्याचं मी जाहीर करतो.

रामधन जागचा उठला.

"एक नोय, भाऊ. माह्यामागं तांडा हाय."

"तांडा बसलेला दिसतोय," वकील म्हणाले. त्यांच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता, घाईही नव्हती. "पण हात एकच होता. नव्या कायद्याने प्रत्येक भागीदाराचा हात वेगळा."

रामधनने मागे वळून पाहिलं. सगळा तांडा ओळीने बसला होता, माना किंचित खाली, हात मांडीवर. एकही हात जागचा हललेला नव्हता. किती शहाण्यासारखे बसले होते ते! एरवी नसाबीत असं दृश्य पाहून त्याची छाती फुगली असती. आता तो मांडीवरचे ते हात मनातल्या मनात मोजू लागला.

"पुन्यांदा मोजा, भाऊ," तो जगदेवरावांना म्हणाला. "तुमाले तं आमची रीत माईत हाय."

जगदेवरावांनी या वेळी त्याच्याकडे पाहिलं.

"माईत हाय, नायक."

"मंग बोलले काहून नाई?"

जगदेवरावांनी पुढ्यातल्या कागदाची घडी घातली. यंत्रांचा सौदा त्यांनीच ठरवला होता. वकिलांनी पेन्सिल खिशात ठेवली आणि सांगितलं, की अध्यक्षांनी एकदा जाहीर केलं की तेच शेवटचं. मुनीम दारात चहाची किटली धरून उभा होता. तो आत आलाच नाही.

परतीच्या वाटेवर तांड्याला काहीच माहीत नव्हतं. गोदाम लांबलचक, हे बसलेले दारापाशी. टेबलावरचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. त्यांनी फक्त नायकाचा हात पाहिला होता. आणि नायकाचा हात वर गेला, म्हणजे काम फत्ते.

"मस्त हात धरला, नायक," भाऊसिंग गाडीच्या बाजूने चालता चालता म्हणाला. गाठी उचलण्यात त्याच्या तोडीचा गडी जिनवर नव्हता. "मी तं म्हनलो, आता पाह्य कोन जिन बंद करते!"

मागे बायांनी गाणं धरलं. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी पाती-बोंडांनी लगडलेली होती. यंदा कापूस भरपूर येणार होता. रामधनने बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच ठेवून चालत राहिला. मोतीबाईने एकदाच त्याच्याकडे पाहिलं आणि ती गायची थांबली.

दिवेलागणीला त्याने नसाब बोलावली. लोक हसतखेळत आले, कुणी गूळ आणला. रामधन ओट्यावर बसला नाही. तो खाली, लिंबापाशी, सगळ्यांच्या समोर उभा राहिला.

"जिन गेली," तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. प्रत्येकाचा हात वेगळा मोजायचा होता हे. सगळे हात वर गेले असते तर ठराव पडला असता हेही. मुनिमाने सांगितलेलं आपण आपल्याच रीतीने समजून घेतलं, आणि मोतीबाईने विचारलं तेव्हा तिला दटावलं, हेसुद्धा त्याने लपवलं नाही.

"हात तुमचे होते. म्या ते तुमच्या मांडीवर बांधून ठेवले."

भाऊसिंगने हातातला गुळाचा खडा खाली ठेवला. एका घरातून लहान पोर रडलं आणि त्याच्या आईने त्याला तिथूनच गप्प केलं. दिवाळीनंतर बिऱ्हाडं निघणार, हे आता प्रत्येकाला कळलं होतं. कुठल्या वाटेने, एवढंच उरलं होतं.

"कोनी तं बोला," रामधन म्हणाला. "शिव्या द्या. मारा मले."

सगळ्यांच्या माना किंचित खाली होत्या, हात मांडीवर. अगदी दुपारी होते तसेच. ते पाहून त्याला संताप आला आणि कीवही आली. कीव त्यांची की स्वतःची, ते त्याचं त्यालाही कळेना.

त्याने डोक्याची पगडी उतरवली आणि लिंबाच्या बुडाशी ठेवली.

"आता हात मोजू," तो म्हणाला. "कायद्यानं. ज्याचा त्याचा. रामधननं नायकी सोडावी असं ज्याले वाटते, त्यानं हात वर करावा."

पानही हललं नाही. त्याने वाट पाहिली. मग त्याने स्वतःचा उजवा हात वर केला आणि दुपारसारखाच ताठ धरला.

बराच वेळ तो एकच हात होता. मग पुढच्या रांगेत नानीबाई हलली. तिने आपला सुरकुतलेला, बांगड्यांविना हात मांडीवरून उचलला, दुसऱ्या हाताने कोपराला आधार दिला आणि वर धरला. तिच्या मागे भाऊसिंगने धरला. मग एकेक करून, आजूबाजूला बघत, चुकत नाही ना याचा अंदाज घेत, तांड्याने हात वर केले. बायांनीही केले. मोतीबाईने सगळ्यात शेवटी.

हा निवाडा होता, की नायकाचा हात वर गेला म्हणून गेलेले हात होते, हे त्याला त्यांच्या चेहऱ्यांवरून ओळखता येईना. त्याने आपला हात खाली घेतला. त्यांचे हात तसेच राहिले. नानीबाईचा हात भरून आला, पण तिने तो खाली घेतला नाही. सगळे त्याच्याकडे बघत होते, खाली घ्या म्हणून तो कधी सांगतो, याची वाट पाहत.