खुर्च्यांची बस

आमच्या वृद्धाश्रमात पानगळ सुरू झाली की उत्साहबाईंच्या अंगात येतं. करमणुकीचे कार्यक्रम ठरवणं हे त्यांचं काम, आणि ते त्या इतक्या मन लावून करतात की आम्हीच त्यांचं नाव उत्साहबाई ठेवलं. सोमवारी बागेत पानं गोळा करायची, मंगळवारी ती कागदावर चिकटवायची, बुधवारी खुर्चीत बसून हातपाय हलवायचे. मी चौतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होतो, रोज हजार माणसांना वळण लावलं, आणि आता ही पोरगी माझ्या हातात डिंकाची बाटली देऊन म्हणते, काका, छान चिकटवलंत हं. मी चिकटवतो. इथे वाद घातला तर जेवणाच्या टेबलावर सगळे गप्प बसून खातात, ते जास्त वाईट.

गुरुवारी मात्र खरी सहल होती. छोट्या गाडीतून नदीकाठच्या रस्त्याने रंग बदललेली झाडं बघायला जायचं होतं. मी महिनाभर त्या गुरुवारची वाट बघत होतो, आणि झाडं हे त्याचं कारण नव्हतं. कारण होता माझ्या जुन्या बसचा ड्रायव्हर, तोही सहलीला येणार होता.

तो आणि मी चौदा वर्षं एकाच गाडीवर होतो, सात नंबर, नदीकाठचाच रस्ता. काय दिवस होते ते. पहाटेच्या पहिल्या फेरीला काचेवर ओली पानं चिकटलेली असायची, तो ती हाताने पुसायचा, वायपरने नाही. पानांवरून चाकं घसरतात म्हणून या दिवसांत तो गाडी जपून चालवायचा आणि आम्हाला रोज उशीर व्हायचा. शाळेची पोरं त्याला खुशाल काका म्हणायची, मला मात्र घाबरायची. शेवटच्या थांब्यावर आम्ही दोघं पायरीवर बसून एकाच डब्यातलं खायचो. माझ्या धाकटीचं बारसं झालं तेव्हा पाळण्याला पहिला झोका त्याने दिला होता. सख्ख्या भावाशीही माझं इतकं कधी जमलं नाही.

मग सव्वीस वर्षांपूर्वी, अशाच पानगळीत, गिरणीच्या थांब्यावर एक आजी उतरत होत्या. मी तिकिटं फाडत होतो. दोन वेळा घंटा दिली की गाडी निघायची, आणि चौदा वर्षांत हाताला इतकी सवय झाली होती की दाराकडे न बघताच हात दोरीकडे गेला. गाडी हलली, आजी पडल्या. कमरेचं हाड मोडलं, पुढे काठीशिवाय त्यांना चालता आलं नाही. चौकशीत ड्रायव्हरने लिहून दिलं की घंटा होण्याआधीच आपण गाडी काढली. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, मी तिकिटं फाडत होतो. घरात तीन लहान मुली होत्या, हे मी स्वतःला हजार वेळा सांगितलंय. त्याची गाडी काढून घेतली आणि त्याला डेपोच्या स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजायला बसवलं. मी त्याला टाळू लागलो. कुठल्या तोंडाने भेटणार होतो?

दोन वर्षांपूर्वी मी या आश्रमात आलो, तर हा आधीच इथे. आम्ही हवापाण्याचं बोललो, पथ्याचं बोललो, त्या विषयाला कुणी हात लावला नाही. आता त्याची आठवण पातळ होत चाललीय. काल काय खाल्लं ते सांगता येत नाही, जुनं मात्र शाबूत आहे. तेही किती दिवस, कोण जाणे. त्यात त्याची मुलगी येत्या रविवारी त्याला कायमचा तिच्या गावी नेणार होती, इथून दोन दिवसांच्या प्रवासावर. गुरुवारी गाडीत त्याच्या शेजारी बसायचं आणि माफी मागायची, एवढंच मी ठरवलं होतं.

आणि गुरुवारी सकाळी आश्रमाची गाडी चालूच होईना.

हार मानतील त्या उत्साहबाई कसल्या. त्यांनी बागेत, झाडाखाली, दोन-दोनच्या रांगेत बारा खुर्च्या मांडल्या आणि जाहीर केलं की आपली बस तयार आहे. मला संतापच आला. मी परत फिरणार, एवढ्यात ड्रायव्हर पुढे झाला. खुर्च्यांभोवती त्याने एक पूर्ण फेरी मारली, चारी कोपऱ्यांवर थांबून खाली बघितलं, तो पूर्वी टायर बघायचा तसं. मग सगळ्यांत पुढच्या खुर्चीत बसला आणि दोन्ही हात समोर धरून थांबून राहिला.

तो कशासाठी थांबलाय हे फक्त मला कळलं. मी मागच्या खुर्चीपाशी उभा राहिलो आणि म्हणालो, टण टण.

गाडी निघाली. मी थांबे पुकारू लागलो, पूल, दवाखाना, बाजार, आणि तो प्रत्येक थांब्याला पाय दाबायचा, वळणावर खांदा झुकवायचा. निवृत्त हेडबाई दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या, त्या बाजाराच्या थांब्यावर खरोखर उठून उतरल्या आणि पुन्हा चढल्या. लोक हसत होते. मलाही मजा येऊ लागली होती, खोटं कशाला बोलू. मग माझ्याच तोंडून निघालं, गिरणी.

त्याने पाय दाबला. मला घंटा देता येईना. तो थांबला, सगळे थांबले. उत्साहबाई म्हणाल्या, चला काका, पुढे. मी पुढे गेलो आणि त्याच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसलो. बाईंना काय वाटलं देव जाणे, पण त्यांनी सगळ्यांना चहासाठी आत नेलं. ती पोरगी मला वाटली होती तेवढी बावळट नाही.

"गिरणीपाशी घंटा मी दिली होती," मी म्हणालो. "न बघता. माझ्यामुळे तुझी गाडी गेली. मला माफ कर."

तो समोर रस्ता असल्यासारखा बघत होता. मला वाटलं, उशीर झाला, याला काही आठवत नाही.

"घंटा ऐकू आली होती मला," तो म्हणाला.

"मग तसं लिहून का दिलं नाहीस?"

"आरशात दिसत होती ती म्हातारी. एक हात अजून दांडीला होता. घंटेनंतर आरसा बघायचा, आणि आरशात माणूस दिसलं की गाडी हलवायची नाही. मी बघितलं आणि तरी काढली. उशीर झाला होता. म्हटलं, उतरेल."

मला हलकं वाटायला हवं होतं. मला राग आला, त्याचा, माझा, त्या चौकशीच्या कागदाचा. सव्वीस वर्षं मी समजत होतो की याने माझा दोष स्वतःच्या अंगावर घेतला.

"तू यायचा बंद झालास," तो म्हणाला, "तेव्हा मी समजलो. म्हटलं, याला कळलंय आपण बघून गाडी काढली ते. आता हा आपलं तोंड बघणार नाही."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. त्याने एक हात स्टिअरिंगवरून काढून, म्हणजे नसलेल्या स्टिअरिंगवरून काढून, माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"रोज डेपोच्या मागच्या गेटाने जायचास," तो म्हणाला. "स्टोअरची खिडकी त्याच बाजूला होती. दिसायचास."

"मग हाक मारायची होतीस."

"मला वाटलं, तू थांबणार नाहीस."