गोगलगाईचा काठ

चेन्नईहून आलेलं पत्र विद्याश्रीने तीनदा वाचलं, तेव्हा कुठे त्यातला आनंद आणि त्यातली अडचण तिला वेगवेगळी दिसायला लागली.

आनंद असा, की मालवणच्या खडकांतून तिने आणलेली बिनशंखाची समुद्री गोगलगाय, बोटाच्या दोन पेरांएवढी, माहीत असलेल्या कुठल्याच जातीत बसत नव्हती. पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांचं आयुष्य या प्राण्यांमागे गेलेलं. विद्याश्रीने गोगलगाईच्या दातांच्या पट्टीची चित्रं काढून पाठवली होती, ती पाहून त्यांनी लिहिलं होतं, की ही नवी जात असण्याचा संभव मोठा आहे. अडचण पुढच्या ओळीत होती. हिच्या जवळच्या दोन जाती अंगाच्या काठावरच्या रंगाच्या छटेवरून ओळखतात; तेव्हा जिवंतपणीचा काठाचा रंग कळवावा. सोबत एक छापील तक्ता होता. पश्चिम किनाऱ्याच्या प्राण्यांची यादी महिनाअखेरीस, म्हणजे १९९७ सालाबरोबरच, छापायला जाणार होती. रंग कळला तर गोगलगाईला नाव, नाही तर नुसता क्रमांक.

ती जिथे संशोधन करत होती त्या विभागाच्या कपाटात, स्पिरिटच्या बाटलीत, ती गोगलगाय पांढरी पडली होती. स्पिरिट दोन दिवसांत रंग पिऊन टाकतं, हे प्राणिशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून प्राणी बाटलीत घालण्याआधी रंग लिहायचा असतो. विद्याश्रीच्या वहीत पाण्याचं तापमान होतं, खारटपणा होता, गोगलगाय कसल्या स्पंजावर बसली होती तेही होतं. रंगाची ओळ मात्र कोरी.

कॅमेऱ्यातला रोल संपला होता, भरती चढत होती, हे खरं. पण खरं कारण घरातलं होतं. तिचे वडील चन्नाप्पा यांचं महाद्वार रोडच्या एका गल्लीत मॅचिंग सेंटर होतं. साडी दाखवा, तिच्या रंगाचा ब्लाऊज पीस न्या. चन्नाप्पांनी एकदा लग्नात एका पाहुणीची साडी पाहिली आणि चार दिवसांनी इचलकरंजीहून नमुना न नेता तंतोतंत कापड आणलं, ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगितली गेली होती, की रंग लिहून ठेवणं म्हणजे नजर कच्ची असल्याची कबुली. त्या सकाळी गुडघाभर पाण्यात उभं राहून विद्याश्रीने गोगलगाईकडे मिनिटभर टक लावून पाहिलं. दुधी अंग, पाठीवर कल्ल्यांचं फूल, आणि कडेने फिरलेला तो लालसर काठ. ठेवला डोक्यात, असं ती स्वतःशी म्हणाली होती.

शनिवारी दुपारी ती दुकानात गेली. काय हवं ते सांगितल्यावर चन्नाप्पांनी चष्मा वर केला.

"कुठल्या लुगड्यावर हाय?"

"लुगड्यावर नाही अप्पा, गोगलगाईवर."

"काठ का पदर?"

"काठ."

"मग बघ की. आमसुलीपास्नं डाळिंबीपातूर सगळी थप्पी तुझी."

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं. गल्लीतलं ऊन उंबऱ्यावरून आत सरकलं होतं आणि घड्या उलगडत जातील तसतसा त्या उजेडाचा रंग बदलत होता. विद्याश्री मांडी घालून बसली. मोरपंखी, चिंतामणी, शेवाळी; थप्पीवर थप्पी छतापर्यंत गेलेली, आणि पंख्याच्या वाऱ्याने प्रत्येक घडीची कड हलकेच उठायची आणि बसायची. बघता बघता तिला पाण्याखाली असल्यासारखं वाटायला लागलं. स्पंज उमलत होते, मिटत होते. शेवाळी कापडाच्या कडेवरून काहीतरी मऊ, सावकाश सरकत गेलं, त्याचा काठ लाटेसारखा दुमडला, सुटला. ती त्याच्या मागे मागे गेली. आमसुलीच्या पुढे, डाळिंबीच्या अलीकडे ते थांबलं, आणि तिथे तिचा हात पडला.

"हाच," ती म्हणाली. अंगावर काटा आला होता. शंका उरलीच नाही.

तेवढ्यात दारात धोंडुबाई आल्या, महिन्यातून दोनदा येणारं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी जमिनीवरचा पसारा पाहिला.

"मालक, पोरगीला प्रोफेसर करणार म्हनत हुता, आनि हितं घड्या मोडाय बसीवलंय व्हय?"

"गोगलगाईला बिलाऊज शिवायचाय तिच्या," चन्नाप्पा म्हणाले.

धोंडुबाईंनी गोगलगाईला बाह्या किती लागतील ते विचारून घेतलं, आपलं अस्तर घेतलं आणि गेल्या. चन्नाप्पांनी विद्याश्रीने निवडलेली घडी उचलली, तिच्यावरचा शेड-नंबर कागदावर लिहिला, कागद गल्ल्याखाली सरकवला आणि घड्या सगळ्या पुन्हा मिसळून टाकल्या. मग चहा मागवला. चहा झाल्यावर म्हणाले, पुन्हा काढ.

तिने काढली. तसाच काटा आला, तशीच खात्री वाटली. चन्नाप्पांनी नंबर ताडून पाहिला. दुसराच निघाला. तिसऱ्यांदा काढली ती त्याहून वेगळी. तिन्ही कापडं त्यांनी उंबऱ्यावर उन्हात शेजारी शेजारी मांडली. एक पिकल्या कोकमासारखं, एक वाळल्या रक्तासारखं, एकात राणी रंगाची झाक. त्या प्रत्येकाकडे बघताना विद्याश्रीला गोगलगाय त्याच रंगाची दिसत होती.

चन्नाप्पांनी तिचा चेहरा बघितला. आजवर घरात कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगायची तर आधी दार बघून घ्यावं, तसं त्यांनी दाराकडे पाहिलं.

"त्या लग्नात गेलतो न्हवं, त्या बाईच्या पदराच्या गोंड्याचं सूत खुर्चीला अडकलंतं. ते पेनाच्या टोपणात घालून इचलकरंजीला नेलतं."

"म्हणजे तुम्ही..."

"डोक्यात रंग ऱ्हात न्हाय, पोरी. कुणाच्याच ऱ्हात न्हाय. ह्यो धंदा चालतोय त्यो त्याच्यावरच."

विद्याश्रीला हसू आलं, मग रागही आला, कारण तो एक दोरा तिला लहानपणीच दाखवला असता तर मालवणला तिने पेन्सिल उचलली असती. ती तसं बोलली. चन्नाप्पांनी मान हलवली, व्हय म्हणाले, आणि घड्या घालायला लागले. घड्या घालता घालता त्यांनीच विचारलं, की तिन्हीतला मधला रंग लिहून टाकला तर तपासायला कोण येणार आहे?

ते तिच्याही मनात येऊन गेलं होतं. कोणी येणार नव्हतं. यादी छापली जाईल, नाव मिळेल, आणि पुढे कधी कोणी त्या खडकांत वाकून कोकमाच्या रंगाचा काठ शोधत राहील. खरी गोगलगाय समोरून गेली तरी तो तिला ओळखणार नाही.

सोमवारी तिने तक्ता भरला. जिवंतपणीचा रंग, या चौकटीत लिहिलं: काठ लालसर, नेमक्या छटेची नोंद केली नाही. मार्गदर्शक श्यामला मॅडमनी ते वाचलं आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत या विभागातून नवी जात म्हणून काही गेलेलं नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं.

"आठवत नाही काहीच?"

"आठवतं, मॅडम. तीन वेळा आठवलं, तीन वेगळे."

मॅडमनी सही केली. नाव आता मिळायचं नाही, एवढंच त्या म्हणाल्या, आणि कपाटातून भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढून तिच्यापुढे टाकलं. जानेवारीच्या अखेरीला अमावास्या होती. खडक पूर्ण उघडा पडेल असा त्या सकाळी तास-दीड तास मिळणार होता. तसलीच दुसरी गोगलगाय तेव्हा तिथे असेल का, त्याच स्पंजावर, की एव्हाना कुठल्या तरी माशाने गिळलं असेल तिच्या सगळ्या गोताला? काहीच सांगता येत नव्हतं. विद्याश्रीने त्या तारखेखाली पेन्सिलने रेघ ओढली आणि मालवणच्या एसटीची वेळ विचारायला स्टँडवर गेली.