आमेनशिवायची प्रार्थना

मोआलाने चोरी कबूल केली. रविवारी भर चर्चमध्ये, बेटावरच्या रिवाजाप्रमाणे कमरेला ठेवणीतली चटई गुंडाळून तो गुडघ्यांवर बसला, हमसून हमसून रडला आणि म्हणाला, "पाळकसाहेबांची डुकरीण मी नेली, लिसिआतेने नाही. पोलिसाला मी खोटं सांगितलं." अख्खं गाव त्याच्याबरोबर रडलं. लिसिआतेची आई पिसिला तर इतकी रडली, की शेजारणीने तिला हातातला पंखा कायमचा देऊन टाकला.

यातलं काहीही घडलेलं नाही. निदान सोमवारी सकाळी गावात तसं ठरलं होतं.

मूळ प्रकरण असं. पाळक सेमिसींची डुकरीण नाहीशी झाली आणि त्याच आठवड्यात मोआलाने पाळकांच्या सन्मानार्थ जेवण घातलं. जमिनीतल्या भट्टीतून निघालेलं डुक्कर असं लोण्यासारखं होतं, की पाळकांनी दोनदा घेतलं आणि बोटं चाटत आपली हरवलेली डुकरीण सुखरूप असावी म्हणून प्रार्थना केली. हाडं कुत्र्यांनी पिसिलाच्या परसात नेऊन टाकली. तेवढ्या हाडांवर आणि "मी डोळ्यांनी पाहिलं" या मोआलाच्या शब्दावर लिसिआते मोठ्या बेटावरच्या तुरुंगात गेला.

तर सोमवारी पिसिलाने पोराची गादी उन्हात घातली आणि वाट पाहून पाहून शेवटी मोआलाच्या शेतावर गेली. तो गाणं म्हणत कंद लावत होता.

"भावजी, पोलिसाकडे कधी जायचं?"

"कशाला?"

"काल बोललात ते सांगायला."

"अहो वहिनी, ते देवाला सांगितलं. देवाने माफ पण केलं. पाळकांनी डोक्यावर हात ठेवला, तुम्हीसुद्धा आमेन म्हणालात की!"

"मग माझ्या पोराचं काय?"

"त्याच्यासाठी मी रोज प्रार्थना करतो," मोआला कळवळून म्हणाला. "पण मिटलेलं प्रकरण मी परत उकरलं, तर देवाने माफ केलंय यावर माझा विश्वासच नाही असा अर्थ होतो. एवढं मोठं पाप माझ्याकडून नका करवून घेऊ, वहिनी."

पिसिलाने त्याच्या चेहऱ्यावर लबाडी शोधली. सापडेना. चांगली झोप झालेल्या माणसाचा चेहरा होता तो. लबाड असता तर बरं झालं असतं, लबाडाला निदान धमकावता तरी येतं.

बेटावरचा एकुलता एक पोलीस फोतू चर्चच्या गाण्यात खर्जातला आवाज लावायचा. ती चौकीवर गेली.

"तू ऐकलंस ना रे? पुढच्याच बाकावर होतास."

"ऐकलं मावशी. रडलो पण. पण तेव्हा मी गायला बसलो होतो, ड्यूटीवर नव्हतो. आणि आपल्या राज्यघटनेतच आहे, रविवारी केलेला करार रद्दबातल. मग रविवारी केलेला कबुलीजबाब कसा धरायचा?"

"कबुली म्हणजे करार कुठे?"

"ते वर विचारावं लागेल. आणि वर विचारायला मोआलाचा सोमवारचा जबाब जोडावा लागेल."

"सोमवारी तो काही बोलतच नाही!"

"मग जोडणार काय, मावशी?"

एक साक्षीदार होता. खाडीत शिडाची होडी नांगरून राहिलेला ग्रॅहम नावाचा ऑस्ट्रेलियन. तो देव मानत नसे आणि हे कोणी न विचारता सांगत असे. मोआलाला डुकरीण दोरीने ओढून नेताना त्याने होडीवरून पाहिलं होतं. पिसिला वल्हवत त्याच्याकडे गेली. "चांगलं वागायला माणसाला देव लागत नाही," असं म्हणून त्याने तिला कॉफी दिली आणि सकाळी चौकीवर येण्याचं वचनही दिलं. सकाळी वारा फार छान सुटला. होडी गेली. मानणाऱ्याला माफी मिळाली होती, न मानणाऱ्याला वारा.

इकडे मोआलाला रडून एवढं हलकं वाटलं होतं, की पुढच्या रविवारी त्याने तीच चोरी पुन्हा कबूल केली. त्याच्या पुढच्याही. गाव आता अधिक सुरात रडू लागलं. पिसिला पाळकांच्या दारात जाऊन बसली.

"पाळकसाहेब, त्याला माफ करू नका असं मी म्हणत नाही. पण जरा उशिरा करा. एक दिवस."

डुकरीण सेमिसींनीही खाल्ली होती, आणि ती त्यांना आवडली होती. "मी असं करतो," ते म्हणाले, "रविवारी प्रार्थना अर्धीच सोडतो. आमेन म्हणत नाही. आमेन सोमवारी, चौकीवर, त्याचा जबाब झाल्यावर."

रविवारी मोआला नेहमीप्रमाणे रडला. पाळकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, "हे प्रभू, या माणसाचं पाप..." इथपर्यंत आले आणि थांबले.

चर्चमधले पंखे हलायचे थांबले. एका म्हाताऱ्याने झोपेतून डोळे उघडले. मोआलाच्या मानेवरून घाम ओघळला. त्याने हळूच इकडेतिकडे पाहिलं आणि त्याला पिसिला दिसली.

"वहिनी," तो पुटपुटला, "आज हे उतरत का नाही?"

"उद्या उतरेल, भावजी. चौकीवर."

"छातीवर बसलंय हो."

"माहीत आहे. माझ्याही बसलंय."

मोआलाने मान हलवली. होय म्हणून हलवली, हे पिसिलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. "येतो," तो म्हणाला. "उद्या सकाळीच ये—"

"आमेन," फोतू खर्जात म्हणाला.

आणि अडकलेलं सगळं गाव एकदम सुटलं. इतक्या जोराचं आमेन त्या छपराखाली कधी झालं नव्हतं. मोआलाचा चेहरा निवळला. तो उठला, चटई नीट केली आणि बायकोला विचारलं, आज भट्टीत काय लावलंय.

"मुद्दाम नाही हो मावशी," बाहेर फोतू हात जोडून म्हणाला. "प्रार्थना थांबली की ते घशातून आपोआप येतं."

पाळकांनी पुन्हा तसं करायला नकार दिला. बायका घाबरल्या होत्या. लिसिआतेला तुरुंगात ताप आल्याचा निरोप बोटीवरून आला, त्याच दिवशी पिसिलाने शाळेच्या मास्तरांकडून अर्ज लिहून घेतला आणि त्याच बोटीने राजधानीला पाठवला:

"माननीय मंत्रीमहोदय यांस,

आमच्या बेटावर माणसं फक्त रविवारी खरं बोलतात आणि रविवारी बोललेलं सरकारदरबारी चालत नाही. तरी येत्या रविवारी सकाळी दहा ते बारा एवढ्या वेळेपुरता, केवळ आमच्या चर्चच्या आवारात, सोमवार जाहीर करण्यात यावा. गाणी व प्रवचन नेहमीप्रमाणे चालू राहण्यास अर्जदाराची हरकत नाही. मात्र सदर वेळेत देवाकडून मिळणारी माफी जबाबावर सही होईपर्यंत स्थगित ठेवण्याबाबत संबंधितांना आपल्या स्तरावरून कळवण्यात यावे, ही नम्र विनंती."