टेकडीवरचं दही

मँचेस्टरजवळच्या आमच्या खाणगावात कोळसाखाणीच्या टाकाऊ दगडमातीची काळी टेकडी होती. ती आतून सतत धुमसायची, त्यामुळे तिच्यावर बर्फ कधी टिकला नाही. मी इथे डॉक्टर म्हणून आलो तेव्हा घर इतकं गार असायचं, की दही लागायचंच नाही. मग माझी बायको मीनाक्षी विरजलेल्या दुधाचा स्टीलचा डबा संध्याकाळी टेकडीच्या कोमट मातीत ठेवून यायची. सकाळी कवडीसारखं घट्ट दही! एका हिवाळ्यात वरची माती घसरली आणि डबा गाडला गेला. लग्नातला डबा होता, फार हळहळली ती.

२००६ मध्ये कौन्सिलने टेकडी उकरून, विझवून तिच्यावर गवत लावायला घेतलं. साइटवरची इंजिनिअर पुण्याची होती, पूर्वी नावाची. रविवारी ती आमच्याकडे जेवायला यायची. आमच्याकडे म्हणजे माझ्याकडे. मीनाक्षी तेव्हा नव्हती.

"काका, धूर पूर्ण गेला," पूर्वी खुशीत म्हणाली. "आता बर्फसुद्धा टिकतो."

"टिकू दे! मला काय करायचंय त्या बर्फाचं?" मी खेकसलो.

ती रागावली नाही. पिशवीतून तिने एक चेपलेला डबा काढला. "खोदताना सापडला. नाव वाचलं आणि घेऊनच आले."

डब्यावर नाव घातलेलं होतं : सौ. मीनाक्षी कमलाकर गुप्ते.

मी तो दोन्ही हातांत धरला. टेकडीवरून पहिल्यांदाच तो थंडगार घरी आला होता.